पेंडसे वाचा, पण कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीचं काम मी बरीच वर्षं करते आहे. टेबलापलीकडून येणारी सगळ्यात अवघड मागणी कोणती म्हणाल, तर "एखादी चांगली कादंबरी द्या." चांगली म्हणजे कशी, असं विचारलं की समोरचा माणूस म्हणतो, "ते तुम्हीच सांगा, तुमचं वाचन आहे!" मग मी दोन गोष्टी विचारते. अलीकडे कुठली कादंबरी हातातून सुटली नाही? आणि कुठली अर्ध्यात टाकलीत? दुसऱ्याचं उत्तर लोक जरा हळू आवाजात देतात, पण माझ्या कामाचं तेच असतं.

आपण एकमेकांना कादंबरीकार सुचवतो तेव्हा नुसतं नाव देऊन मोकळे होतो. "पेंडसे वाचा." किंवा, "अजून नेमाडे वाचले नाहीत? काय सांगता!" हे दुसरं म्हणजे तर सुचवणं कमी आणि तोंडी परीक्षा जास्त. बिचारा वाचक ते नाव घेऊन कपाटापाशी येतो. श्री. ना. पेंडशांची सगळी रांग समोर असते. त्यातलं भरदार म्हणून तो 'तुंबाडचे खोत' उचलतो. १९८७ साली आलेली, दोन खंडांची, खोतांच्या पिढ्यान्‌पिढ्या सांगणारी कादंबरी. आमच्याकडच्या पहिल्या खंडाची सुरुवातीची पानं हाताळून मऊ पडली आहेत, कोपरे दुमडलेत, एके ठिकाणी चहाचा गोल डाग आहे. मध्यावर गेलं की पानं स्वच्छ होत जातात. दुसऱ्या खंडाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखा अगदी मोजक्या. ज्यांनी दुसरा खंड नेला, ते मात्र पेंडशांचं आणखी काय आहे, असं विचारतच परत आले.

म्हणून पेंडसे मागणाऱ्याला मी आधी 'गारंबीचा बापू' देते. १९५२ सालची, आटोपशीर. कोकणातलं गाव, गावाला न जुमानणारा बापू आणि राधा. संवाद तर असे चटपटीत की जेवायला हाक आली तरी माणूस उठत नाही. ती आवडली की 'रथचक्र'. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली आहे खरी, पण मी देते ती त्यातल्या बाईसाठी. नवरा नाही, आधार नाही, आणि पोरांना शिकवायचंच, या एका हट्टावर ती सगळं ओढत नेते. इथवर आलेला वाचक खोतांचे दोन्ही खंड स्वतःच मागतो.

गौरी देशपांडे यांच्याबाबतीत अडचण वेगळी. त्यांच्या नायिका फार स्वतंत्र, फार परदेशात राहणाऱ्या, "आपल्यातल्या वाटत नाहीत", अशी तक्रार येते. मी वाद घालत नाही. 'एकेक पान गळावया' देते. त्यात तीन दीर्घकथा आहेत, एक वाचून बाजूला ठेवली तरी चालते. शेवटची, पुस्तकाच्याच नावाची, वाचून झाली की पन्नाशीच्या पुढच्या बायका माझ्याशी टेबलापाशी उभ्या राहून बोलायला लागतात, मागे रांग लागली तरी. याच लेखिकेने अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले, हे सांगितलं की कॉलेजातली मुलं आधी चमकतात आणि मग काहीतरी नेतात.

उद्धव शेळके सुचवायचे तर 'धग' हवीच, तिथे दुसरं काही चालत नाही. पण त्यातले संवाद वऱ्हाडीत आहेत आणि आमच्या भागातले वाचक चार-पाच पानांत अडखळतात. त्यांना मी एवढंच सांगते, संवाद मोठ्याने वाचा. कानावर पडली की कौतिक कळते. नवऱ्याच्या कर्तृत्वाची वाट बघून थकलेली, तरी संसार न सोडणारी. एका गृहस्थांनी ती बायकोला वाचून दाखवत संपवली. पुस्तक परत द्यायला दोघंही आले होते.

अनुवादांचं म्हणाल तर एस. एल. भैरप्पांचं सांगायलाच हवं. आमच्याकडे त्यांची मागणी कित्येक मराठी लेखकांपेक्षा जास्त आहे, आणि ते कन्नडमध्ये लिहायचे हे काहींच्या ध्यानातही नसतं. ही किमया उमा कुलकर्णी यांची. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड कादंबरी वाचून ध्वनिमुद्रित करायचे आणि त्या ऐकून मराठीत लिहायच्या. तेव्हा भैरप्पा संपले की पुढे कोण, असं विचारणाऱ्याला मी म्हणते, अनुवादकाचं नाव धरून चला. उमाताईंच्याच हातून शिवराम कारंतही मराठीत आलेत, ते न्या.

नव्यांची नावं मात्र मला वाचकच सांगतात. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' परत करायला आलेला एक तरुण शेतकरी म्हणाला, "मॅडम, धरणग्रस्तांवर आता कोण लिहितं?" मी कपाटाकडे वळायच्या आत रांगेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी उत्तर दिलं, "कृष्णात खोत. 'रिंगाण' घे." २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. धरणापायी गाव उठलं, माणसं गेली, म्हैस मागे रानात राहिली, आणि तिला आणायला माणूस परत त्याच रानात शिरतो. सरांनी गोष्ट एवढीच सांगितली, पुढचं सांगायला साफ नकार दिला. प्रत तेव्हा बाहेर गेलेली होती. त्या मुलाने राखीव वहीत नाव लिहिलं आणि त्याच्या खाली, सरांचं ऐकत उभ्या असलेल्या आणखी दोघांनी.