पलंगाचा कठडा आणि पावणेपाच इंच

श्रोतेहो, नमस्कार.

परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी नाशिकमधल्या वृद्धाश्रमांत जाते आणि रात्रपाळी करणाऱ्या मावशींना अंथरुणावरच्या माणसांची शुश्रूषा कशी करावी हे शिकवते. आज मला एकाच वस्तूविषयी बोलायचे आहे. ती म्हणजे पलंगाच्या कडेला असणारा लोखंडी कठडा, ज्याला आपण सगळे साईड रेलिंग म्हणतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका वृद्धाश्रमात पहाटे चहा घेऊन गेलेल्या मावशींना एक आजी पलंग आणि कठडा यांच्या मध्ये अडकलेल्या दिसल्या. त्यांचे पाय जमिनीकडे लोंबकळत होते, छाती कठड्यात दाबली गेली होती आणि हाक मारण्याइतकाही श्वास त्यांना घेता येत नव्हता. वरून जाड रजई होती, त्यामुळे दारातून पाहणाऱ्याला त्या शांत झोपल्या आहेत असेच वाटले असते. सुदैवाने त्या वाचल्या. नंतर मी पलंग पाहिला, तेव्हा कारण सरळ होते. छत्तीस इंची पलंगावर तीस इंची गादी टाकलेली होती, ती भिंतीकडे सरकली होती आणि उरलेली सहा इंचांची फट सगळी एकाच बाजूला आली होती. दोन्ही कठडे मात्र व्यवस्थित वर केलेले होते. आजींना लघवीला जायचे होते, एवढेच.

कठडा माणसाला पडू देत नाही, ही आपली समजूत इतकी पक्की आहे की आईवडिलांना दाखल करताना नातेवाईक स्वतःहून सांगतात, “दोन्ही बाजूंनी रेलिंग लावून ठेवा.” ज्याला कूस बदलताना घसरण्याची भीती आहे आणि जो स्वतः उठण्याचा प्रयत्न करणार नाही, त्याला कठड्याचा उपयोग निश्चित होतो. परंतु ज्याला विस्मरण झाले आहे, जो रात्री गोंधळतो, पण ज्याच्या पायांत अजून थोडे बळ आहे, असा माणूस कठडा पाहून थांबत नाही. तो त्यावरून पाय टाकतो आणि मग गादीच्या उंचीवरून नव्हे, तर कठड्याच्या उंचीवरून खाली येतो. कंबरेचे हाड मोडते ते अशा पडण्यात. उरलेले काही जण वरून जात नाहीत, ते फटीतून जातात.

हा धोका जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००९ या काळात रुग्ण पलंगात किंवा कठड्यात अडकल्याच्या ८०३ घटना नोंदवल्या गेल्या आणि त्यांपैकी ४८० जण दगावले. त्यांत बहुतेक माणसे वृद्ध, अशक्त किंवा गोंधळलेली होती. त्याच प्रशासनाने २००६ साली पलंगाभोवतीच्या अडकण्याच्या सात जागा ठरवून दिल्या आणि डोके, मान व छाती या तीन अवयवांचा विचार करून मापे सांगितली. त्यांतले एक माप आपण सर्वांनी पाठ करावे असे आहे: १२० मिलिमीटर, म्हणजे पावणेपाच इंच. कठड्याच्या दोन गजांमधली जागा, कठड्याच्या खालची जागा आणि गादी व कठडा यांच्यामधली जागा, या तिन्ही पावणेपाच इंचांपेक्षा कमीच असल्या पाहिजेत. कठड्याच्या टोकाला, जिथे मान खालून अडकू शकते, तिथे तर ही जागा सहा सेंटिमीटरपेक्षाही कमी हवी.

माप घेताना गादीची कड हाताने दाबून घ्यावी, कारण निजलेल्या माणसाच्या वजनाने कापूस आणि फोम दोन्ही दबतात. कठडा बाहेरच्या बाजूला ओढून पाहावा. नट सैल झाले असतील तर फट तिथेच वाढते. पाठीकडचा भाग वर उचलता येणारा पलंग असेल, तर तो आडवा असताना एकदा आणि पाठ उचललेली असताना एकदा मोजावे, कारण पाठ उचलली की गादी आणि कठडा यांचा मेळ बदलतो. फट बुजवायला उशी खोचतात, तसे कृपा करून करू नका. उशी घसरते, आणि तोंडावर आली तर ती स्वतःच धोका होते.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट घडते. पुष्कळ पलंग कारखान्यातून तयार येत नाहीत. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाईप वेल्ड करून घेतले जातात. तो कारागीर आपले काम चोख करतो, पण त्याला माप कोणी सांगितलेलेच नसते. ते आपण सांगावे, आणि पलंग घेताना गादीही त्याच मापाची घ्यावी. बेडसोअर होऊ नयेत म्हणून गादीवर हवेची गादी टाकली, तर कठडा तेवढाच बुटका होतो, हेही ध्यानात ठेवावे. गादीच्या वर तो निदान बावीस सेंटिमीटर उरला पाहिजे.

मापाच्याही आधी एक प्रश्न विचारावा: हा माणूस रात्री उठतो कशासाठी? बहुतेक वेळा उत्तर लघवी, तहान, दुखणे किंवा थंडी हेच निघते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा लघवीला जास्त वेळा जावे लागते. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी दिली जात असेल, तर ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. झोपेच्या गोळीबद्दलही विचारावे, कारण तिने पाय अडखळतात. पलंग खाली करता येत असेल तर रात्री पूर्ण खाली करावा, चाकांचे ब्रेक लावावेत, मंद दिवा चालू ठेवावा, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवावी. रात्री एकच मावशी असते आणि तिच्या अंगावर सगळा मजला असतो, हे मी रोज पाहते. म्हणूनच तिने निजण्यापूर्वी आणि मध्यरात्रीनंतर अशा ठरलेल्या वेळी प्रत्येकाला लघवीला नेले, तर तिचीही दमछाक कमी होते.

जागेपणी ज्याला बोलता येते, त्याला विचारल्याशिवाय कठडा वर करू नये. आपल्या माणसाला आश्रमात भेटायला जाल, तेव्हा फळांच्या पिशवीत एक मोजपट्टी टाका, पलंगाजवळ बसा आणि व्यवस्थापकांच्या समोर फट मोजा. कोणी चांगला व्यवस्थापक यावर रागावत नाही. कुठे ऐकून घेतले जात नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन विनामूल्य लागतो.

त्या आजींच्या पलंगाला आता एकाच बाजूला डोक्याकडे अर्धा कठडा आहे, उठताना धरण्यापुरता. गादी छत्तीस इंची आहे. रात्री दोन वाजता मावशी त्यांना हात देऊन उठवतात, आणि आजी म्हणतात की मावशी यायच्या आधीच त्यांना जाग आलेली असते, पण आता त्या वाट पाहतात.