मूठभर मीठ आणि माशांचा टँक

[दृश्य: स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. एक हात खडेमिठाची मूठ त्यावर रिकामी करतो.]

ही आईची मूठ. ४२ ग्रॅम. आता माझी. ७० ग्रॅम.

मासा तळाशी जाऊन बसला, पर मिटून घेतले, खाणं सोडलं, की आमच्या खानदेशात पहिला सल्ला ठरलेला असतो: "भाऊ, पानीमा मूठभर मीठ टाकी दे." जळगाव घ्या, धुळं घ्या, नंदुरबार घ्या. दुकानदार हेच सांगतो, शेजारीही हेच सांगतो. सल्ल्यात तथ्य आहे. पण मूठ कोणाची, पाणी किती आणि मासा कोणता, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्याची किंमत माझ्या माशांनी मोजली, म्हणून हा व्हिडिओ.

[दृश्य: पातेल्यात भिजत घातलेले हरभरे. दुसऱ्या पातेल्यात मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी.]

रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी टम्म फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं. पाणी कमी खारट जागेकडून जास्त खारट जागेकडे जातं. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं आणि गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्तही जवळपास तितकंच खारट असतं. बाहेरचं पाणी मात्र गोडं. म्हणजे मासा जन्मभर त्या हरभऱ्यासारखा भिजत असतो. कल्ल्यांतून पाणी आत शिरत राहतं. मासा ते पातळ लघवीवाटे सतत बाहेर टाकतो, आणि अंगातून झिरपून गेलेले क्षार कल्ल्यांनीच पुन्हा ओढून घेतो. धडधाकट माशाला हे काम जड जात नाही.

पण जाळीत घासून अंगावरचा बुळबुळीत थर निघालेला, कोलकात्याहून किंवा मुंबईहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात बसून भुसावळला उतरलेला मासा थकलेला असतो. त्याच्या अंगातले क्षार जास्त झिरपतात. अशा वेळी पाण्यात लिटरमागे एक-दोन ग्रॅम मीठ असेल, तर आतल्या-बाहेरच्या खारटपणातला फरक कमी होतो आणि त्याची दमछाक थांबते. मत्स्यबीज तळ्यात सोडण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढायची मत्स्यशेतीतली पद्धत जुनी आहे. ती उगाच पडलेली नाही.

[दृश्य: भुसावळ. खिडकीशेजारी दोन फुटी टँक. मॉलीच्या शेपटीवर पांढरे ठिपके, अगदी जवळून.]

हा माझ्या भाचीचा टँक. दोन गोल्डफिश आणि चार मॉली. भरताच्या वांग्यांचा हंगाम, म्हणजे आमच्याकडची खरी थंडी. दुपारी ऊन आणि पहाटे गारठा, तसं टँकमधलं पाणीही खाली-वर होतं. असा चढउतार माशाला सोसत नाही आणि रोगाला वाव मिळतो. हे ठिपके बघा. रव्याचे कण चिकटल्यासारखे. याला व्हाइट स्पॉट म्हणतात. 'इक्थिओफ्थिरियस' नावाचा एकपेशीय परजीवी त्याच्या मुळाशी असतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला परजीवी. तिथे मीठ त्याचं काही करू शकत नाही. तो मोठा झाला की माशावरून गळतो, तळाशी जाऊन चिकटतो, आणि एकाची शेकडो पिल्लं होतात. ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात पोहत असतात, तेव्हाच ती मिठाच्या तावडीत सापडतात. म्हणून मीठ टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ठिपके तसेच दिसले तरी घाबरायचं नाही. पाणी हळूहळू २८ अंशांपर्यंत नेलं की परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि तो लवकर उघड्यावर येतो.

भाची विचारते, "मामा, मग टाकू का मूठभर?" थांब. आधी मोजू.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर. तळाची वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली, तर पाणी उरतं ४५ लिटर. लिटरमागे ३ ग्रॅम, म्हणजे १३५ ग्रॅम मीठ. त्याचे तीन सारखे भाग करायचे. एक भाग मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून, फिल्टरच्या धारेपाशी सावकाश ओतायचा. दुसरा बारा तासांनी, तिसरा आणखी बारा तासांनी. कोरडे खडे सरळ टँकमध्ये टाकू नका. मासा खाणं समजून तोंड लावतो आणि भाजतो. एअर पंप चालूच ठेवायचा, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो.

मीठ साधं खडेमीठ चालतं. आयोडीनच्या मिठाची भीती फार पसरलेली आहे, पण त्यातलं आयोडीन इतकं कमी असतं की या मापाला माशांना त्याचा त्रास होत नाही. महागाचं पाकीट घ्यायलाच हवं असं नाही.

[दृश्य: नवा टँक. पाणी काचेसारखं स्वच्छ, मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून.]

मिठाचा दुसरा खरा उपयोग नव्या टँकमध्ये होतो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात नायट्राइट साठलं की ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं, रक्त तपकिरी पडतं आणि त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. मिठातलं क्लोराइड त्याच कल्ल्यांच्या वाटेवर नायट्राइटला अडवतं. लिटरमागे एक ग्रॅमही यासाठी पुरतं.

अमोनियावर मात्र मिठाचा काही उपाय चालत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरिनही मिठाने जात नाही. तिथे पाणी बदलणं, क्लोरिन मारणारे थेंब टाकणं हेच खरं. आणि मॉलीला जड पाणी मानवतं म्हणून मीठ टाकणाऱ्यांनो, मिठाने पाणी जड होत नाही. आमच्या बोअरचं पाणी आधीच जड आहे. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर बघा.

[दृश्य: जुना, रिकामा, तीन फुटी टँक. काचेवर आतून पाण्याच्या पातळीच्या पांढऱ्या रेघा, एकाखाली एक.]

हा माझा टँक. यात १०० लिटर पाणी असायचं. जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या आसपास. पाणी गार राहावं म्हणून मी झाकण काढलं आणि वर पंखा लावला. पाणी गार राहिलं, पण आठवड्याला एक बादली उडून जायची. मी बोअरची बादली ओतायचो आणि "उन्हाळ्यात माशांना बरं" म्हणून दर बादलीला माझी एक मूठ मीठ.

पाणी उडून जातं. मीठ जात नाही.

७० ग्रॅम, आठ आठवडे. ५६० ग्रॅम. लिटरमागे साडेपाच ग्रॅमहून जास्त, आणि बोअरचे क्षार वेगळेच. आधी झाडं विरघळल्यासारखी झाली. मी म्हटलं, ऊन लागलं. मग तळाशी फिरणारे माझे पाच कोरीडोरस वर येऊन धापा टाकायला लागले. त्यांना मीठ फारसं सोसत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आणखी एक मूठ टाकली. तीन दिवसांत पाचही गेले. त्यातला एक माझ्याकडे चार वर्षं होता. खाण्याची डबी वाजली की तो काचेशी यायचा.

कोरीडोरस, लोच, बरेचसे टेट्रा, गोगलगायी आणि पाणवनस्पती असलेल्या टँकमध्ये मीठ टाकायचंच नाही. आजारी मासा वेगळ्या टबात घ्या आणि उपचार तिथे करा.

[दृश्य: भुसावळ, दोन आठवड्यांनंतर. भाचीच्या हातात आरओवाल्यांकडचा, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर.]

मॉलीच्या शेपटीवर आता एकही ठिपका नाही. ठिपके गेल्यावरही मीठ आम्ही आठवडाभर ठेवलं, आता काढायचं. त्यासाठी पाणी बदलण्याशिवाय वाट नाही. दर दोन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि बिनमिठाचं भरायचं. ३ ग्रॅमचे सव्वादोन होतात, मग पावणेदोनच्या जवळ, मग सव्वा.

मीटर आज सुरुवातीला ३,२०० च्या आसपास होता. एक बादली बाहेर, एक बादली आत. आता २,४८०. भाची तारखेपुढे वहीत आकडा लिहिते आणि रिकामी बादली घेऊन नळाकडे जाते.