घरपट्टीतला राहिलेला माणूस

ऑक्टोबर २०२४. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात घरोघरी टपालानं मतपत्रिका आल्या आहेत. अध्यक्षपदाच्या निवडणुकीसोबत राज्यापुढचे १४ प्रश्नही मतदारांनाच सोडवायचे आहेत. त्यांतला एक 'दुरुस्ती जी', अपंग माजी सैनिकांच्या घरपट्टीबद्दलचा.

हे याच राज्यातलं कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहर. शेजारीच फोर्ट कार्सनची लष्करी छावणी. गणवेश उतरल्यावरही कितीतरी सैनिक याच भागात घर करून राहतात.

२००६ साली मतदारांनी कोलोरॅडो राज्याच्या स्वतःच्या घटनेत एक सवलत घातली होती. सेवेमुळे कायमचं १०० टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला राहत्या घराच्या पहिल्या २ लाख डॉलर किमतीपैकी निम्म्या रकमेवर घरपट्टी माफ. घर ५ लाखांचं असेल, तर १ लाख वजा करून आकारणी.

पण अडलं ते या १०० टक्क्यांवर. समजा, एखाद्याचा पाठीचा कणा दुखावलाय आणि युद्धाच्या आठवणी त्याला रात्र रात्र झोपू देत नाहीत. अपंगत्व मोजलं, ७० टक्के भरलं. नोकरी मात्र एकही टिकत नाही. अशांसाठी केंद्राच्या माजी सैनिक खात्याचा वेगळा नियम आहे: एकाच व्याधीचं अपंगत्व किमान ६० टक्के असेल, किंवा एकत्रित ७० आणि त्यातली एक व्याधी किमान ४० टक्क्यांची, आणि त्यापायी पोटापुरतं काम करणं अशक्य झालं असेल, तर भत्ता पूर्ण १०० टक्क्यांच्या दरानं मिळू शकतो. म्हणजे वॉशिंग्टन ज्याला पूर्ण भत्ता देतं, त्यालाच घरपट्टीत सूट नाही! ज्याची कमाईच थांबली, त्याला हे सांगायचं कसं?

'दुरुस्ती जी'नं या सैनिकांनाही सवलतीत घेतलं. घटनेत भर घालायला इथं ५५ टक्के मतं लागतात. ५ नोव्हेंबरला ७० टक्क्यांहून जास्त मतं बाजूनं पडली. या सवलतीमुळे बुडणारा कर राज्य सरकार स्थानिक संस्थांना भरून देतं, त्यामुळे शाळांच्या आणि अग्निशमन दलांच्या पैशाला कात्री लागत नाही.

महाराष्ट्रात २०२० मध्ये माजी सैनिकांना घरपट्टीत माफी मिळाली, ती मंत्रिमंडळाच्या निर्णयानं. कोलोरॅडोत त्यासाठी प्रत्येक मतदाराला विचारावं लागलं.

सवलतीची कमाल मर्यादा मात्र २००६ चीच, २ लाखांची. दरम्यान घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. ही मर्यादा वाढवायला नवं मतदान लागत नाही. विधिमंडळ साध्या कायद्यानं ती वाढवू शकतं, आणि तिनं वाढायलाच हवं.