माथ्यावरचं पाणी

(दृश्य : लॉकच्या तळाशी बोट. दोन्ही बाजूंना ओल्या दगडी भिंती.)

विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटतं. हे कालव्यावरचं लॉक : बोटीला वर-खाली नेणारा, दोन दरवाजांमधला हौद. मागचा दरवाजा बंद झालाय. पुढच्या दरवाजाच्या झडपा उघडल्या आणि पाणी उसळत आत आलं. आता फक्त ढिला पडणारा दोर आवरत राहायचं. बोट आपोआप वर चढते. आधी दरवाजावर झुकलेली लॉकवाल्याची टोपी दिसते, मग त्याच्या घरापुढच्या फुलांच्या कुंड्या.

भिंतींकडे नीट पाहा. मधोमध फुगलेल्या आहेत. सुरुवातीला सरळ भिंतींचं एक लॉक मातीच्या दाबानं ढासळलं. मग भिंतींना बाक दिला. जणू कमानच आडवी झोपवली.

(दृश्य : झाडांखालून जाणारा कालवा. सायकलवाली बाई बोटीला मागे टाकते.)

दक्षिण फ्रान्समधला हा कॅनाल द्यु मिदी. तुलूझपासून सेत बंदराशेजारच्या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर. दुपारी लॉकवाला जेवायला जातो, तेव्हा तीही नाही.

चौदाव्या लुईनं याला मंजुरी दिली १६६६ साली. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, तेच वर्ष. काम अंगावर घेणारा पिएर-पोल रिके हा इंजिनिअर नव्हता. मिठावरचा कर गोळा करणारा माणूस, तोही पन्नाशी ओलांडलेला.

(दृश्य : नोरूझ. गवतातून वाहत येणारा पाट.)

हे ठिकाण बोटीवरून पाहिलं तर काहीच नाही. आम्ही मात्र इथे अख्खा दिवस काढला.

हा नोरूझचा माथा, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. आपल्या घाटमाथ्यासारखंच आहे : इकडे पडलेला पाऊस अटलांटिकला, तिकडे पडलेला भूमध्य समुद्राला. कालवा इथूनच न्यायचा, तर अडचण अशी की इथून बोट कुठल्याही बाजूला उतरली, तरी प्रत्येक लॉकमधून लॉकभर पाणी खाली जातं. माथा सतत भरता राहिला पाहिजे. भरायचा कशानं? जुन्या योजना इथेच अडल्या होत्या.

रिकेनं कालव्याआधी पाणी शोधलं. उत्तरेच्या काळ्या डोंगरातले ओढे अडवले, उतार साधत पाट काढले आणि पाणी इथवर आणलं. उन्हाळ्यासाठी सॅं-फेरेओलला मातीचं धरण बांधलं. त्यात साठ लाख घनमीटरांहून जास्त पाणी मावतं. काम ऐन भरात असताना सुमारे १२ हजार माणसं राबत होती. त्यांत पाट्यांनी माती वाहणाऱ्या बायकाही होत्या. पुतळे रिकेचे झाले.

हा पाट आजही वाहतोय. पडद्यावर दिसतंय ते पाणी त्याच डोंगरातलं.

(दृश्य : उघडा काठ. कापलेले बुंधे. नवी रोपं.)

काठावरची मोठी झाडं काश्मीरच्या चिनारच्या कुळातली, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. २००६मध्ये त्यांच्यात बुरशीचा रोग सापडला. हजारो झाडं तोडून जाळावी लागली.

(दृश्य : मालपासची टेकडी. बोगद्याचं तोंड जवळ येतं.)

इथे ठिसूळ दगड लागला आणि वरून काम थांबवण्याचा हुकूम आला. रिकेनं गुपचूप माणसं लावून काही दिवसांत टेकडी आरपार खणली, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, १६७९चा हा बोगदा आहे खरा. लांबी दीडशे मीटरांहून थोडी जास्त. ऑक्टोबर १६८०मध्ये रिके गेला. कालव्यापायी झालेलं कर्ज मुलांच्या गळ्यात पडलं. पुढच्या मे महिन्यात कालवा सुरू झाला.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि इथली मालवाहतूक हळूहळू तिच्याकडे गेली. तिचाही बोगदा याच टेकडीत आहे, आपल्या खाली.

(दृश्य : आतला अंधार. पलीकडे उजेडाचा गोल.)

आत्ता या क्षणी खालून एखादी गाडी जातही असेल. बोटीत फक्त छतावरून ठिबकणारं पाणी ऐकू येतंय.