पावागड आणि एकता नगरच्या मधे जंगलात मुक्काम: काय विचारून ठेवायचं?

नमस्कार. पुण्या-मुंबईचे पाहुणे बडोद्याला आले की यादी ठरलेली असते. एक दिवस लक्ष्मी विलास पॅलेस, एक दिवस पावागड, एक दिवस एकता नगरला (म्हणजे केवडियाला) सरदार पटेलांचा पुतळा. मग कुणीतरी म्हणतं, मधली एक रात्र जांबुघोड्याच्या जंगलात काढू या का? जरूर काढा, पण आधी अंतरं बघा.

[स्क्रीनवर नकाशा]

बडोदा ते चांपानेर, म्हणजे पावागडच्या पायथ्याचं जुनं शहर, ५० किलोमीटरच्या आसपास. तिथून शिवराजपूरवरून जांबुघोडा आणखी पंचवीसेक. दुसऱ्या दिवशी बोडेली, नसवाडी, तिलकवाडा, गरुडेश्वर करत एकता नगर. अडीच तास धरा. आता गंमत अशी, की बडोद्याहून डभोईमार्गे तेच एकता नगर साधारण ९० किलोमीटर आहे. म्हणजे मधे राहून अंतर काही वाचत नाही. नुसती पाठच टेकायची असेल तर घरी परत या. जांबुघोड्याला राहायचं ते संध्याकाळसाठी, आणि त्यासाठी चारच्या सुमाराला हॉटेलात पोचलं पाहिजे.

इथेच बहुतेकांचं गणित फिसकटतं. पावागड आणि चांपानेर एकाच दिवसात उरकायला जातात. रविवारी आणि नवरात्रात खाजगी गाड्या खालीच थांबवतात, मग एसटीने गडाच्या मधल्या टप्प्यावरची माची, तिथे रोपवेची रांग, आणि रोपवेतून उतरल्यावरही वरच्या कालिकामातेच्या मंदिरापर्यंत पायऱ्या आहेतच. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुपार तिथेच संपते. त्यामुळे एकच निवडा. गड करायचा असेल तर सकाळी सातला माचीवर हवं. नाहीतर गड सोडा आणि चांपानेर नीट बघा. २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि नुसत्या जामा मशिदीतल्या नक्षीलाच तासभर लागतो. आमचं मत विचाराल तर राहायला जाताना चांपानेर, पावागड वेगळ्या दिवशी.

आता हॉटेल. अशा ठिकाणी खोल्या मोजक्या, स्वयंपाकी बहुधा एकच, आणि भाजी येते बोडेली किंवा हालोलच्या बाजारातून. म्हणून जेवण आदल्या दिवशी फोनवर सांगायचं: किती माणसं, तिखट किती, लहान मुलांना काय. रात्री नऊला पोचून मेन्यूकार्ड मागितलंत तर खिचडी-कढी मिळेल, आणि त्यात त्यांची चूक नाही. सांगायचंच असेल तर मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ सांगा. पंचमहालातलं रोजचं जेवण आहे ते. पनीर तुम्हाला बडोद्यात अलकापुरीतही मिळतं.

वीज. 'बॅकअप आहे ना?' एवढंच विचारू नका, हो म्हणतात. बॅकअपवर काय चालतं ते विचारा. साध्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात. एसी आणि गिझर चालत नाहीत, त्याला जनरेटर लागतो. गिझरचाही हिशेब ऐका. १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर पाणी चांगलं तापवायला वीसेक मिनिटं घेतो. गावात व्होल्टेज १८० वर उतरलं की तोच गिझर अर्धा तास घेतो. चार माणसं, एक बाथरूम, आठला निघायचंय; म्हणजे पहिला माणूस सहाला आंघोळीला हवा. चुलीवर तापवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या मिळतील का, हे रात्रीच विचारून ठेवा.

रस्ता. नकाशावरची खूण अनेकदा हॉटेलवर नसते, मुख्य रस्त्यावर पडते. नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या, आणि फाट्यावरची खूण फोनवर विचारा: शाळा, दूध डेअरी, हातपंप, काय असेल ते. अंधारात ते वळण हमखास चुकतं. पेट्रोल हालोलला भरा, आणि रोख पैसे जवळ ठेवा. नेटवर्क गेलं की स्कॅनर नुसता भिंतीवर.

संध्याकाळी काय करायचं? कडा धरणाच्या पाण्याकडे जा, उजेड आहे तोवर परत या. हे अभयारण्य आहे, बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत. जेवणानंतर शतपावली हॉटेलच्या आवारातच. मोहाची फुलं बघायची असतील तर मार्च-एप्रिल. पण तेव्हा सागाची पानं झडलेली असतात, हिरवं जंगल हवं तर पावसाळा ते थंडी. आणि पुण्याच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, गुजरातेत दारूबंदी आहे. डिकीत काही घालून आणू नका. (इतिहासाची आवड असेल तर त्यांना हेही सांगा: १८५८ च्या डिसेंबरात बडोद्याच्या रोखाने निघालेल्या तात्या टोप्यांना इंग्रजांनी गाठलं, ते इथून जवळच, छोटा उदेपूरला.)

दुसरा दिवस सोमवार नको, पुतळा सोमवारी बंद असतो. पुतळ्यात वर जाऊन बघायच्या गॅलरीच्या तिकिटावर वेळ ठरलेली असते, ती दुपारी बारानंतरची घ्या. गाडी लांब लावून पुढे बसने जायचं असतं, त्यातही वेळ जातो. नाश्ता साडेसातला लागेल हे आदल्या रात्री सांगा. जमणार नसेल तर थेपले-लोणचं बांधून मागा.

परतताना डभोई लागतंच. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या हिरा भागोळ दरवाजापाशी अर्धा तास थांबा, पण उजेडात पोचलात तरच.