ऐकलं कोणी, ठरवलं कोणी?

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात वडील वारले. मुलानं उताऱ्यावर वारसा लावायला अर्ज दिला. लेक महाराष्ट्रात चंदगडला दिलेली, तिचं नाव अर्जातून गळालं. तिनं हरकत घेतली, की कर्नाटक भूमहसूल कायदा, 1964 च्या कलम 129 प्रमाणे प्रकरण तंट्यांच्या नोंदवहीत चढतं. आता तहसीलदारांचं काम अर्धन्यायिक होतं. अंगावर काळा कोट नसला तरी दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय त्यांना ठरवता येत नाही.

घोळ बहुधा नोटिशीपासूनच सुरू होतो. गावच्या चावडीवर डकवलेला कागद चंदगडला कसा दिसणार? नोटीस लेकीच्या सासरच्या पत्त्यावर गेली का, पोच फायलीला लागली का, ते बघा. कन्नड वाचता येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घ्या, पण तारीख चुकवू नका.

मग तलाठ्याचा अहवाल: ‘कब्जा मुलाचा.’ लेकीला त्याची गंधवार्ता नसते. म्हैसूर राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की असा अधिकारी माहिती कुठूनही मिळवू शकतो, पुराव्याचे कडक नियम त्याला लागू नाहीत. मात्र ती माहिती समोरच्याला दाखवून त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय वापरता येत नाही. अहवालाची प्रत लेखी मागा. तोंडी मागणीचा फायलीत मागमूस राहत नाही.

सगळ्यात जास्त नडते ती बदली. सुनावणी एका साहेबांनी घेतली, निकाल दुसऱ्यांनी लिहिला. आंध्रातल्या बसवाहतुकीच्या प्रकरणात असंच घडलं: ऐकलं सचिवांनी, ठरवलं मुख्यमंत्र्यांनी. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही सुनावणी पोकळ ठरवली. म्हणून नवे तहसीलदार आले, की ‘आमचं म्हणणं पुन्हा ऐका’ असा अर्ज त्याच आठवड्यात द्या. निकाल लागल्यावर हे सुचतं, तोवर उशीर झालेला असतो.

निकालात कारणं हवीत. नुसतं ‘अर्ज मंजूर’ लिहून भागत नाही. वरच्या अधिकाऱ्यानं तपासायचं तरी काय? उलट, मृत्युपत्र खरं की बनावट, कोणाचा वाटा किती, हे तहसीलदारांनी ठरवायचं नाही. तो दिवाणी न्यायालयाचा प्रांत. उताऱ्यावरची नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे दोघा भावंडांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

निकाल मान्य नसेल तर कलम 136 खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आहे. खानापूरकरांना त्यासाठी बैलहोंगल गाठावं लागतं. अपिलाला मुदत असते, तेव्हा निकालाची शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा. सोबत नोटिशीची पोच, तलाठ्याचा अहवाल आणि सुनावणीच्या तारखांचा रोजनामा यांच्याही नकला घ्या.