फिरंगी दफ्तरातले मराठे : डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर

(दृश्य : खाडीवरून दिसणारं भिवंडी-कल्याण, मग जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरातलं एक पान.)

१६ ऑगस्ट १६५९. गोव्याचे कारभारी लिस्बनला आपल्या राजाला पत्र लिहितात. आदिलशहाच्या चाकरीतल्या शहाजीच्या मुलानं वसई आणि चौलच्या शेजारचा मुलूख घेतला आहे, तो बळावत चालला आहे, आणि भिवंडी, कल्याण, पनवेल इथं त्यानं लढाऊ गलबतं बांधली आहेत, असा मजकूर. प्रतापगडाची लढाई व्हायला अजून जवळजवळ तीन महिने आहेत. औरंगजेबाचं लक्ष दुसरीकडे आहे. पण गोव्याच्या फिरंग्यांनी या माणसाकडून समुद्रावर काय होऊ शकतं ते ओळखलं आहे.

मराठा आरमाराच्या जन्माची ही खबर मिळते ती अशी, शत्रूच्या पत्रातून. आणि शत्रूच्या दफ्तरात बसून असे कागद एकामागून एक बाहेर काढण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, ते होते डॉ. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर.

(दृश्य : सत्तरी तालुका, पिसुर्ले गाव.)

३० मे १८९४ रोजी त्यांचा जन्म झाला. सत्तरी म्हणजे नव्या काबिजादीतला, पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात मागाहून घेतलेला, डोंगराळ मुलूख. घरात कोकणी-मराठी, सरकारदरबारी पोर्तुगीज. ते सोळा वर्षांचे असताना, १९१० साली, पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना शिक्षणाची, सरकारी नोकरीची दारं खऱ्या अर्थानं उघडली. हा बदल वीस वर्षं उशिरा झाला असता, तर आपल्या इतिहासाचं किती नुकसान झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

१९२६ पासून त्यांचे पोर्तुगीज आणि मराठे यांच्यावरचे लेख पणजीच्या वास्को द गामा संस्थेच्या नियतकालिकात येऊ लागले. भाषा पोर्तुगीज, विषय शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्याचा ऐतिहासिक दफ्तरखानाच त्यांच्या हाती आला. १५९५ साली स्थापन झालेल्या या दफ्तराचा पहिला प्रमुख होता दियोगु द कोतु हा इतिहासकार. त्याच खुर्चीवर आता सत्तरीतला एक शेणवी बसला, आणि १९६१ पर्यंत, पोर्तुगीज सत्ता संपेपर्यंत, बसून राहिला.

(दृश्य : दफ्तरखान्यातली बाडं. शाईनं खाल्लेलं, जाळी पडलेलं एक पान जवळून.)

हे काम कसलं असतं, ते एकदा जवळून बघायला हवं. गोव्याची दमट हवा, वाळवी, आणि त्या काळची ती शाई, जी कागद जाळत जाते. अक्षर गिचमिड, शब्द तोडून लिहिलेले. त्यात मराठी नावं पोर्तुगीज कानांनी ऐकून लिहिलेली. शेणवीचं ‘सिनाय’ झालेलं. दोन्ही भाषा रक्तात भिनल्याशिवाय अशा ओळीतला माणूस ओळखताच येत नाही.

१९५३ ते १९५७ या काळात त्यांनी गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या राज्य सल्लागार मंडळाच्या बैठकांचे वृत्तांत पाच खंडांत छापले. १६१८ पासून १७५० पर्यंतचे. मुद्रणालय बार्देशातल्या बस्तोड्याचं. चौथा खंड १६५९ ते १६९५ चा, म्हणजे शिवाजी महाराज आणि संभाजी महाराजांचा बहुतेक सगळा काळ त्यात. विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, प्रश्न मांडतो, एकेक सभासद आपलं मत देतो, शेवटी ठराव, खाली सह्या. लढावं की तह करावा, यावर शत्रूच्या घरात काय खल झाला ते आपण वाचतो.

नोव्हेंबर १६८३ घ्या. विजरई कोंदि द आल्व्होर मराठ्यांच्या ताब्यातला फोंड्याचा किल्ला घ्यायला निघाला आणि हात हलवत परतला. २४ तारखेच्या रात्री मराठे जुवे बेटावर उतरले, दुसऱ्या दिवशी खुद्द विजरई जीव घेऊन निसटला. तेव्हा त्यानं आपला राजदंड सेंट झेवियरच्या पार्थिवाच्या हाती दिला, गोवा आता तुम्हीच राखा म्हणून. विजय कुणीही स्वतःच्या तोंडानं सांगेल. हरलेल्यानं स्वतःच्या कागदात काय लिहिलं, त्याचं मोल वेगळं असतं.

(दृश्य : जुना नकाशा. गोवा, रायगड, पुणे.)

तरी माझ्या लेखी पिसुर्लेकरांचं सर्वांत मोलाचं पुस्तक १९५२ चं. भारतातल्या पोर्तुगीज मुत्सद्देगिरीच्या हस्तकांवरचं. हिंदू, मुसलमान, ज्यू, पारशी. तह विजरईच्या नावानं होत. पण ते घडवून आणायला कुणीतरी उन्हापावसात घाट चढून जाई, दरबारात तिष्ठत बसे. १६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी बार्देशावर स्वारी केली. त्यानंतर बोलणी करायला फिरंग्यांनी पाद्री गोंसालु मार्तिंश यांच्या जोडीला धाडले ते रामाजी शेणवी कोठारी. त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, अंमल होता. हिंदूंना आपली लग्नंसुद्धा उघडपणे लावता येत नव्हती, आणि राज्याचा नाजूक कारभार मात्र त्यांच्याच जिभेवर चालत होता. हा पेच पिसुर्लेकरांनी एकेका माणसाच्या कागदांतून दाखवला.

अशा माणसांमध्येच नारायण विठ्ठल धुमे येतात, नाना फडणिसांच्या काळात पुण्यात असलेले पोर्तुगीजांचे वकील. मराठा आरमारानं पकडलेल्या ‘सांताना’ जहाजाच्या भरपाईचा वाद चालला होता. १७७९ च्या तहानं पेशव्यांनी दमणलगतच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना द्यायचं कबूल केलं, आणि त्यातून नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. पावणेदोनशे वर्षांनी, १९५५ मध्ये, याच मुलुखात जाण्या-येण्याच्या हक्कासाठी पोर्तुगाल भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तेव्हा पेशव्यांचा हाच तह पुन्हा टेबलावर आला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. दफ्तरातला कागद मेलेला नसतो, हे यापेक्षा लख्ख कुठे दिसणार?

(दृश्य : पुणे विद्यापीठ.)

गोवा मुक्त झाला तेव्हा पिसुर्लेकर सदुसष्ट वर्षांचे होते. १९६७ मध्ये पुणे विद्यापीठानं त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. ज्यांचा हा इतिहास, त्यांच्या हाती तो अखेर त्यांच्याच भाषेत आला. १० जुलै १९६९ रोजी डॉक्टर गेले.

संभाजी महाराजांवर आज मराठीत केवढं लिहिलं, बोललं जातं. त्या प्रत्येक लेखकाच्या टेबलावर तो चौथा खंड असायला हवा. पण तो सतराव्या शतकातल्या पोर्तुगीजमध्ये आहे, आणि ती भाषा शिकलेले मराठी अभ्यासक फार थोडे. मूळ बाडं गोवा सरकारच्या पुराभिलेख खात्यात आहेत. पुण्याहून पणजी एका रात्रीच्या बसवर आहे.